भरती चंद्र आणतो. तेजी कोण आणतं?

ग्रहांची जुनी गणितं मांडून शेअर बाजाराचं भविष्य सांगणारे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. घरातली पुंजी बाहेर काढण्याआधी एवढं एकदा वाचा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांचं सासर किंवा माहेर उरणकडचं आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला जाणारी लाँच घड्याळावर चालते, तशी तिथीवरही चालते. बंदरात गाळ साचलेला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मोठी ओहोटी लागली की पाणी इतकं मागं हटतं, की लाँचला धक्क्याशी लागता येत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. म्हणून मुंबईला दवाखान्यात जायचं असो, की लग्नाचा बस्ता बांधायला, तिकडची बाई आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते आणि मग पिशवी भरते.

कोळीवाड्यातल्या माणसाला तर कोष्टकही लागत नाही. त्यांचा जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही तीच वेळ, रात्रीही साधारण तीच. पाच-पंचवीस मिनिटं इकडं-तिकडं होतात, पण होडी अडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, हेही तिथल्या पोरासोरांना पाठ असतं.

आता हे ज्योतिष म्हणायचं का? नाही बाई. हा सरळ हिशेब आहे. चंद्र आणि सूर्य समुद्राचं पाणी ओढतात. दोघं एका रेषेत आले की ओढ वाढते, काटकोनात आले की कमी होते. मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजण्याचं काम १८७८ पासून चालू झालं. अशा नोंदींवरून पुढच्या सबंध वर्षाची कोष्टकं आधीच छापता येतात. मागचं बघून पुढचं सांगता येतं, ते असं.

नेमकी इथंच गफलत होते.

‘एवढा समुद्र हलतो, मग बाजार का नाही हलणार?’

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. भिशीत कुणाच्या मिस्टरांच्या तोंडून, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर मोबाइलवर आलेल्या एखाद्या निरोपात. सांगणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्याकडे तक्ते असतात. शनी अमुक राशीत होता तेव्हा बाजार पडला, गुरू तमुक घरात आला तेव्हा चढला, अशा मागच्या तारखा तो धडाधड दाखवतो. आणि शेवटी म्हणतो, ‘वहिनी, चंद्र एवढा समुद्र हलवतो. माणसाच्या मनाचं काय घेऊन बसलात?’

ऐकायला पटतं, नाही का? आणि पटलं की पुढची पायरी ठरलेली. बँकेतली मुदतठेव मोडायची, सोनं गहाण ठेवायचं, नाहीतर जमिनीचे आलेले पैसे तिकडं वळवायचे.

उरण-पनवेलच्या पट्ट्यात तर ही काळजी जास्तच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या गावांच्या जमिनी गेल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी जे आंदोलन केलं, त्यात पाच जणांनी प्राण दिले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी उरणपर्यंतची रेल्वे आणि शिवडीहून येणारा सागरी पूल, दोन्ही खुले झाले. म्हणजे ज्या घरात पूर्वी भाताची कणगी आणि मिठागराची मजुरी होती, त्या घरात एकदम मोठी रक्कम येऊन पडते. जमीन एकदाच विकता येते, मैत्रिणींनो. तो पैसा गेला की परत पिकत नाही. म्हणून ह्या विषयाकडं केवळ करमणूक म्हणून बघून चालणार नाही.

ही विद्या आली कुठून?

आपल्याकडे ती नवी नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त अर्घकांड नावाचा एक अध्याय आहे. अर्घ म्हणजे किंमत. कुठला माल केव्हा साठवावा आणि केव्हा विकावा, याचे ग्रहांवरून बांधलेले आडाखे त्यात आहेत. गुढीपाडव्याला आपण संवत्सरफल ऐकतो, त्यात राजा, मंत्री, मेघेश यांच्याबरोबर एक अर्घेश असतो, तो हाच भावांचा धनी. काही पंचांगांत तेजी-मंदीचं सदरही असतं. त्या काळी पाऊस, पीक आणि धान्याचा भाव हेच सगळं अर्थकारण होतं, आणि आकाशाकडं बघून पावसाचा अंदाज बांधणं यात काही वावगं नव्हतं.

परदेशातही हा नाद होताच. इंग्लंडमधला स्टॅन्ली जेव्हन्स हा मोठा अर्थशास्त्रज्ञ. एकोणिसाव्या शतकात त्यानं सूर्यावरच्या डागांचा आणि व्यापारातल्या मंदीचा संबंध जोडला. त्याचं म्हणणं असं, की डागांच्या चक्राबरोबर हिंदुस्थानातली पिकं कमी-जास्त होतात. पीक बुडालं की इथला शेतकरी इंग्लंडचं कापड घेत नाही आणि मग तिकडच्या गिरण्या बसतात. डागांचं चक्र सुमारे साडेदहा वर्षांचं, मंदीचंही तेवढंच, असा त्याचा मेळ होता. पुढं डागांचं चक्र सरासरी अकरा वर्षांचं ठरलं आणि सगळा मेळ विस्कटला. अमेरिकेत डब्ल्यू. डी. गॅन नावाचा सटोडिया ग्रहांची चक्रं मांडून बाजाराचे अंदाज करी. १९३८ मध्ये लुईस मॅकव्हर्टर या बाईंनी राहू-केतूंच्या साडेअठरा वर्षांच्या फेरीवर पुस्तकच लिहिलं. आजच्या टिपवाल्यांच्या तक्त्यांत ह्याच मंडळींचा आणि आपल्या पंचांगाचा मिळून झालेला काला असतो.

सिंहस्थाचा तक्ता

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक तक्ता आपणच मांडून बघू. आपल्या ओळखीचा ग्रह घेऊ, गुरू. तो बारा वर्षांनी सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

१९९१-९२ चा सिंहस्थ घ्या. त्यात २८ एप्रिल १९९२ ला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात जवळजवळ १३ टक्के कोसळला. पुढचा सिंहस्थ २००३-०४ चा. त्यात १७ मे २००४ ला निर्देशांक ११ टक्क्यांवर घसरला, मधे व्यवहार थांबवावे लागले. त्याच्या पुढचा २०१५-१६ चा. त्यात २४ ऑगस्ट २०१५ ला १,६२४ अंशांची घसरण. तीन सिंहस्थ, तीन आपटबार!

अंगावर काटा आला ना? असाच यायला हवा म्हणून तो तक्ता बनवलेला असतो. हा तक्ता खोटा नाही, त्यातली प्रत्येक तारीख खरी आहे. पण तक्त्यात काय घातलं ते बघण्याआधी काय गाळलं ते बघायचं. भाजीवाला ढिगाच्या वर ताजी वांगी रचतो तेव्हा आपण खालचं वांगं उचलून बघतोच की नाही? तसं.

पहिलं वांगं. १९९१-९२ चा तोच सिंहस्थ सुरू झाला तेव्हा निर्देशांक २,००० च्या खाली होता आणि २२ एप्रिल १९९२ ला तो ४,४६७ वर पोचला. म्हणजे त्याच राशीतल्या त्याच गुरूनं आधी पैसे दुपटीहून जास्त केले. २००३-०४ मध्येही तसंच. सिंहस्थ लागल्यावर ४,००० च्या खालचा निर्देशांक जानेवारी २००४ मध्ये ६,००० च्या वर गेला. मग सिंहस्थात बाजार चढतो म्हणायचं की पडतो?

दुसरं वांगं. त्याच्या आधीचा सिंहस्थ १९७९-८० चा. त्या वर्षांत अशी कुठलीही आपटी नाही, उलट निर्देशांक वर सरकला. टिपवाल्याच्या तक्त्यात हे साल सापडणार नाही.

तिसरं वांगं सगळ्यांत मोठं. २१ जानेवारी २००८ ला निर्देशांक १,४०८ अंशांनी पडला आणि २३ मार्च २०२० ला १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. या दोन्ही दिवशी गुरू सिंहेत नव्हताच, धनु राशीत होता. धनु म्हणजे गुरूचं स्वतःचं घर. शास्त्राप्रमाणं तिथं तो बलवान, शुभ. आणि मकरेत तो नीचीचा समजतात. पण २१ जानेवारी २०२१ ला निर्देशांकानं ५०,००० चा आकडा पहिल्यांदा ओलांडला, तेव्हा गुरू मकरेतच होता, आणि सोबतीला शनी.

मग तक्ता जुळतो कसा?

याचं उत्तर कुंडल्यांच्या पसाऱ्यात आहे. नऊ ग्रह आणि बारा राशी, म्हणजे १०८ जागा झाल्या. नक्षत्रं धरली तर नऊ गुणिले सत्तावीस, २४३. दोन-दोन ग्रहांच्या जोड्या ३६. शिवाय वक्री-मार्गी, अस्त-उदय, दृष्टी, युती, ग्रहणं. एवढ्या गाठोड्यातून हात घालून काढलं तर कुठल्याही तारखेला जुळणारं काहीतरी निघणारच. जुन्या साड्यांच्या ट्रंकेत कुठल्याही ब्लाउजला मॅचिंग साडी निघते, तशी गत. ती साडी त्या ब्लाउजसाठी विणलेली नसते.

दुसरी गोष्ट मोजदादीची. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. आपल्या निर्देशांकाचं मोजमाप १९७८-७९ हे मूळ वर्ष धरून केलेलं आहे. तेव्हापासून शनीची धड दुसरी फेरीही पूर्ण झालेली नाही. मेष राशीतल्या शनीचं उदाहरण घ्या. या निर्देशांकाच्या आयुष्यात तो तिथं पूर्ण मुक्काम करून गेला तो एकदाच, १९९८ ते २००० मध्ये. त्या एका मुक्कामात निर्देशांक १९९८ च्या अखेरच्या महिन्यांत ३,००० च्या खाली गेला होता आणि फेब्रुवारी २००० मध्ये ६,००० च्या आसपास. आता एकदाच घडलेल्या गोष्टीवरून नियम कसा काढणार? एकदा पाहुणे आले त्या दिवशी दूध नासलं, म्हणून पाहुणे दूध नासवतात असं आपण म्हणतो का?

मोऱ्याच्या भरतीचं तसं नाही. तिथं वर्षात सातशेवर भरत्या येतात. शंभर वर्षांत सत्तर हजार. प्रत्येक वेळी ठोकताळा पारखून निघतो आणि चुकला तर दुसऱ्याच दिवशी कळतं.

आकाशात नव्हे, जमिनीवर

त्या तीन सिंहस्थांतल्या पडझडींची कारणं शोधायला दुर्बीण लागत नाही, त्या दिवसांचं वर्तमानपत्र पुरतं. १९९२ मध्ये हर्षद मेहता बँकांचे पैसे बाजारात फिरवत होता. २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ते प्रकरण उघड केलं आणि पाचच दिवसांत बाजार बसला. एका बाईनं कागदपत्रं तपासून जे शोधलं, ते कुठल्याही कुंडलीत नव्हतं. २००४ मध्ये लोकसभेचा अनपेक्षित निकाल लागला. २०१५ मध्ये चीनचा बाजार कोसळला. २०२० चं कारण तर आपण सगळ्यांनी घरात कोंडून घेऊन भोगलं.

मुंबईचा पहिला मोठा सट्टाही असाच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. मोरा बंदरासमोरच्या त्याच मुंबईत. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळा डोलारा खाली आला. कित्येक घराणी धुळीला मिळाली. कारण होतं कापूस, युद्ध आणि माणसाची हाव.

आणि मुख्य फरक तो इथंच आहे. पाण्याला पंचांग वाचता येत नाही. उद्या तीनला भरती येणार असं सगळ्या मोऱ्यानं ठरवून सांगितलं तरी पाणी आपल्या वेळीच येतं. बाजारात मात्र माणसं आहेत. सिंहस्थात बाजार पडतो हे खरंच सगळ्यांना पटलं, तर सगळे महिनाभर आधीच विकून मोकळे होतील. मग सिंहस्थ लागेल तेव्हा विकायला उरेल कोण? नियम कळताक्षणी मोडतो. म्हणूनच ज्याला खरा नियम सापडला असेल तो तो तुम्हाला दोन हजार रुपये फी घेऊन सांगत बसणार नाही. गुपचूप स्वतःच वापरील.

पारखून कुणी पाहिलं आहे का?

पाहिलं आहे, आणि तेही आपल्याच पुण्यात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका गोळा केल्या. नावं झाकून प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका दिल्या आणि यातलं मूल कोणत्या गटातलं ते सांगा, एवढंच विचारलं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आलीच असती.

वडीलधाऱ्यांना अष्टग्रहीही आठवत असेल. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले. प्रलय होणार म्हणून देशभर यज्ञयाग झाले, लोकांनी प्रवास टाळले, कामं खोळंबली. दिवस आले आणि गेले. ऑक्टोबरात चीननं आक्रमण केलं तेव्हा ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणणारे निघालेच! आठ महिन्यांनी झालेली गोष्टही ज्यांच्या खात्यात जमा होते, त्यांचा अंदाज चुकणार तरी कसा?

सलग तीन टिपा खऱ्या निघाल्या तर?

ही शंका तुमच्या मनात येणार, कारण बहुतेक घरं फसतात ती इथंच. ‘अहो, पण त्यांनी सांगितलेलं तीनदा बरोबर आलं!’

आता हिशेब करू. समजा एका माणसानं चौसष्ट घरांना निरोप धाडले. बत्तीस जणांना लिहिलं, या आठवड्यात अमुक शेअर चढणार. उरलेल्या बत्तिसांना लिहिलं, पडणार. आठवड्यानं ज्यांना चूक सांगितलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्या बत्तिसांचे पुन्हा दोन भाग केले. मग सोळा उरले, मग आठ. तीन आठवड्यांनी आठ घरं अशी राहतात, ज्यांना सलग तीन अंदाज अचूक मिळाले. त्या आठ घरांना काय वाटेल? साक्षात वराहमिहिर दारी आला! चौथ्या आठवड्यात तो फी मागतो आणि आठही जण देतात. बाकीच्या छप्पन्न घरांशी ह्या आठांची गाठच पडत नाही.

प्रत्येकजण लबाडच असतो असं नाही, बरं का. काहींचा स्वतःचाही विश्वास असतो. पण त्यांच्या विश्वासानं आपली ठेव सुरक्षित होत नाही.

आणि टिपेच्या मागोमाग येतो तो वायद्याचा व्यवहार, फ्युचर्स आणि ऑप्शन्स. थोडे पैसे भरून मोठा सौदा. ग्रह अमुक तारखेला पालटणार म्हटलं की तारखेचा सौदा आलाच. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या व्यवहारांत उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेलेले आढळले. त्या सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर. ह्या आकड्यामागं किती जणींची पाटल्या-बांगड्यांची पेटी रिकामी झाली असेल, ते तुम्हीच मनाशी धरा.

मुहूर्त पाळायचा की नाही?

खुशाल पाळा. मुंबई शेअर बाजारातही १९५७ पासून दिवाळीत मुहूर्ताचे सौदे होतात. दसऱ्याला आपण गुंजभर सोनं घेतो, तसे त्या दिवशी शकुनाचे चार शेअर घेतले तर बिघडत नाही. शकुन म्हणजे आपल्या मनाची प्रसन्नता. पण दसऱ्याचा मुहूर्त आहे म्हणून कुणी घर गहाण टाकून सोनं घेत नाही. श्रद्धेची जागा देव्हाऱ्यात आणि हिशेबाची जागा वहीत, एवढं वेगळं ठेवलं की दोन्ही टिकतात.

घरात एवढं कराच

१. ‘ह्यांना’ किंवा मुलाला कुणी ग्रहांची टिप दिली तर भांडू नका. भांडणानं माणूस हट्टाला पेटतो. म्हणा, ‘सहा महिने कागदावर खेळू.’ प्रत्येक अंदाज तारीख घालून, शेअरचं नाव, चढणार की पडणार आणि कधीपर्यंत, असा वहीत लिहा. खाली सांगणाऱ्याची सही घ्या. सही द्यायला जो कुरकुरतो, त्याची परीक्षा तिथंच झाली.

२. सहा महिन्यांनी बरोबर आणि चूक दोन्ही मोजा. बरोबर तेवढेच मोजायचे नाहीत.

३. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासून पाहा. शिकलेल्या लेकीला किंवा भाच्याला पाच मिनिटांचं काम आहे. आणि खात्रीचा नफा सांगण्याची मुभा नोंदणी असलेल्यालाही नाही.

४. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम दोघांच्या नावे ठेवा आणि दोघांच्या सह्यांशिवाय ती निघणार नाही, अशी सूचना बँकेला लेखी द्या. हे अविश्वासाचं लक्षण नव्हे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्यातला हा प्रकार.

५. वर्षभराचा घरखर्च, मुलांच्या फिया आणि दुखण्याखुपण्याचे पैसे बाजूला काढल्याशिवाय बाजारात एक रुपया घालू नका. कर्ज काढून किंवा स्त्रीधन मोडून तर मुळीच नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही कुणालाही देऊ नका, मग तो सख्खा दीर का असेना.

६. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. सल्लागाराविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ या सोयीवर तक्रार करता येते. पहिल्या काही तासांत हालचाल केली तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

आता एक शेवटची गोष्ट. ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस गुरू पुन्हा सिंह राशीत येतो आणि नाशिकला सिंहस्थाचं पर्व लागतं. त्या सुमारास वरचा तो तक्ता कुणी ना कुणी तुमच्यासमोर नक्की धरील. ‘वहिनी, १९९२ बघा, २००४ बघा, २०१५ बघा, आत्ताच विकून टाका आणि मी सांगतो त्यात घाला.’ त्या वर्षात बाजार पडेलही, चढेलही, बहुधा दोन्ही करील. तुम्ही फक्त एवढंच विचारा, ‘भावजी, १९७९-८० चं काय झालं? आणि २००८ ला गुरू कुठं होता?’

उत्तर येईपर्यंत ठेवीची पावती कपाटातच राहू द्या. आणि सिंहस्थाला जायचं असेल तर जरूर जा, मनोभावे स्नान करा.